हवालदारांचे चार अँटेना

हवालदार निवृत्त झाले आणि त्यांच्या चौकात दिवे बसले. तेव्हापासून तिथली वाहतूक पूर्वीपेक्षा सुरळीत झाली, असं लोक म्हणत. हवालदारांचं म्हणणं, लोकांना वाहतूक कळत नाही. एकोणतीस वर्षं त्या चौकाच्या मधोमध उभं राहून त्यांनी हाताच्या एका इशाऱ्यावर गाड्या थांबवल्या होत्या आणि सोडल्या होत्या. आता त्यांच्या ताब्यात उरली होती फक्त तीन माणसं: बायको, मुलगा आणि सून. त्यातला मुलगा सकाळी आठलाच कामावर पळायचा, म्हणजे दिवसभर दोनच.

या तिघांनी घरात एक रीत पाडून घेतली होती. हवालदारांनी काहीही विचारलं की ‘हो’ म्हणायचं. बैठकीच्या खोलीला त्यांनी स्वतः पोपटी रंग फासला आणि विचारलं, “डोळ्यांना कसं गार वाटतं ना?” तिघंही डोळे बारीक करून ‘हो’ म्हणाले. ‘हो’ म्हटलं की विषय मिटतो. ‘नाही’ म्हटलं की हवालदार पहिल्यापासून समजावून सांगतात, आणि त्यांचं पहिल्यापासून म्हणजे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतं. सून लग्न होऊन घरात आली तेव्हा सासूबाईंनी तिला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. गॅस कुठून बंद करायचा, आणि बाबांना काय उत्तर द्यायचं.

ही सून खुणांच्या भाषेची दुभाषी होती. दवाखान्यात डॉक्टर बोलायचे, ती इथे घरी बसून ऐकायची आणि तिकडे पडद्यावर बघणाऱ्या बहिऱ्या पेशंटला हातांनी सांगायची. काम एका कंपनीमार्फत मिळालं होतं, पण अजून कच्चं होतं. कंपनीने एक टॅब पाठवला होता. त्याला सील ठोकलेलं, त्यात बाहेरची वायर खुपसायची सोय नाही, फोनचं नेटही चालत नाही. पेशंटच्या खासगी गोष्टी असल्यामुळे दार बंद करून एकट्याने बसायचं, हा नियम, आणि तसं बसता येईल अशी खोली एकच, तिची आतली. आणि घरच्या नेटमुळे चित्र तीनदा अडकलं तर नाव कट, हा त्याहून कडक नियम.

पहिल्यांदा अडकलं ते किरकोळ होतं. दुसऱ्यांदा मात्र फजिती झाली. एका आजोबांचं सकाळी ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी सांगितलं, उद्या सकाळी काही खायचं नाही. सुनेचे हात ‘उद्या सकाळी खायचं’ इथपर्यंत आले आणि ‘नाही’ यायच्या आत पडद्यावर ती पुतळ्यासारखी थिजली. आजोबा मान हलवून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी पोटभर न्याहारी करून ऑपरेशनला हजर झाले. ऑपरेशन पुढे ढकललं. कंपनीने सुनेचं काम थांबवलं आणि कळवलं की तीन आठवड्यांत घरचं नेट नीट करा, मग त्यापुढच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता पंचवीस मिनिटांची परीक्षा. त्यात चित्र एकदा जरी अडकलं तरी राम राम. पास झालात तर काम पक्कं.

सून दोन दिवस नीट जेवली नाही. पाच वर्षं शिकून तिने हे हातात आणलं होतं, आणि जाणार होतं ते हातांमुळे नव्हे, नेट अडवणाऱ्या भिंतींमुळे. हवालदारांना तिचं वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते उठले, पट्टा आवळला आणि म्हणाले, “तू काळजी करू नकोस. हे माझ्यावर सोड.”

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हो.”

हवालदारांनी सुरुवात तपासापासून केली. मुलाने त्यांच्या फोनवर एक ॲप घालून दिलं होतं, त्यात इमारतीतल्या सगळ्या राउटरचे रंगीबेरंगी डोंगर दिसायचे. कोण कुठल्या चॅनेलवर आहे ते कळायचं. हवालदारांनी चष्मा पुसला, पाहिलं, आणि त्यांचं डोकंच फिरलं. बारा घरांचे बारा राउटर, आणि सगळे एक, सहा आणि अकरा या तीनच चॅनेलांवर दाटीवाटीने उभे! बाकीचे दहा चॅनेल रिकामे.

“तीन रांगांत बारा गाड्या!” ते कडाडले. “आणि शेजारी दहा रस्ते मोकळे! कोणाला काही शिस्त?”

त्या संध्याकाळी त्यांनी जिन्यात सभा घेतली. प्रत्येक घराला स्वतंत्र चॅनेल. तळमजल्यावरच्या शिंप्याला एक, त्याच्या शेजारच्या मास्तरीणबाईंना दोन, असं करत वरच्या दंतवैद्याला बारा. तेरावा पाहुण्यांसाठी राखीव. कोणाला अन्याय वाटू नये म्हणून क्रम मजल्याप्रमाणे. पुठ्ठ्याची कार्डं कापून त्यावर त्यांनी लाल शाईने आकडे घातले, खाली ‘बदलू नये’ असं लिहून सही ठोकली आणि ती घरोघरी राउटरच्या वर चिकटवायला दिली. दंतवैद्य म्हणाला, “वा, साहेब, याला म्हणतात नियोजन.” शिंप्याने कार्ड कपाळाला लावलं. हवालदारांना बऱ्याच वर्षांनी गणवेश घातल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नेट आणखी रडायला लागलं.

“रुळायला वेळ लागतो,” हवालदार म्हणाले. मग ते अँटेनांकडे वळले.

त्यांचा राउटर बैठकीच्या खोलीत उंच कपाटावर होता, कारण नेटची तार तिथूनच घरात शिरत होती. त्याला चार अँटेना. हवालदारांना ते बघताक्षणी आवडले होते. हात वर करून उभा असलेला तो राउटर त्यांना आपल्या खात्यातलाच वाटायचा. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढले आणि एकेका अँटेनाला नेमणूक दिली. एकाचं टोक स्वयंपाकघराकडे, एकाचं स्वतःच्या पलंगाकडे, आणि उरलेल्या दोघांची टोकं नेम धरल्यासारखी थेट सुनेच्या खोलीकडे. मग त्यांनी हाक मारली, “आलं का?”

खोलीतून सून म्हणाली, “आलं!”

“नक्की?”

“हो, बाबा!”

स्वयंपाकघरातून हवालदारीणबाईंनी कोणी न विचारताच भर घातली, “इथेही आलं हो! उतरा आता!”

हा कार्यक्रम तीन आठवडे रोज चालला. हवालदार वर चढायचे, अँटेना केसभर पिळायचे, हाक मारायचे. दोन्ही बाजूंनी ‘आलं, आलं’ असा गजर व्हायचा. ते समाधानाने उतरायचे आणि एका वहीत तारीख घालून लिहायचे, ‘आले’. वहीत एकवीस दिवसांत त्रेसष्ट वेळा ‘आले’ लिहिलं गेलं. सुनेच्या टॅबवर एकदाही आलं नव्हतं.

बुधवारी दुपारी दारात एक बाई उभी राहिली. खांद्याला पिशवी, कमरेला पक्कड, कानामागे पेन. “नेटवाली,” तिने स्वतःची ओळख करून दिली आणि चपला न वाजवता थेट कपाटापाशी गेली. हवालदारांना वाटलं, सुनेच्या कंपनीने तपासणीला पाठवली. त्यांनी वही पुढे केली.

नेटवालीने वहीकडे पाहिलं नाही. ती अँटेनांकडे बघत राहिली. “काका, हे असे कोणी केले?”

“मी,” हवालदार म्हणाले. “प्रत्येकाला दिशा दिली आहे.”

“दिशा दिलीत, पण उलटी. टोकातून काही निघत नसतं हो. लहरी निघतात त्या बाजूंनी, कंबरेतून म्हणा. टोक ज्याच्यावर रोखाल त्याला सगळ्यात कमी मिळतं. दोन अँटेना सुनेवर रोखलेत ना? म्हणजे अख्ख्या घरात तिलाच उपाशी ठेवलंत.”

हवालदारांनी खोकून घसा साफ केला. “आणि चॅनेल? त्यात तर मी अख्ख्या इमारतीला शिस्त लावली आहे.”

नेटवालीने त्यांचं ॲप उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “तरीच! सगळ्या इमारतीतून तक्रारी येताहेत. काका, तुम्ही पोलिसात होता ना, वाहतुकीच्या? मग असं बघा. रस्त्यावर तेरा पट्टे आखलेत. पण गाडी एक पट्टा रुंद नाही, चार पट्टे रुंद आहे. प्रत्येक गाडीला तुम्ही एकेक पट्टा वाटून दिलात. आता काय होणार?”

हवालदारांच्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं. बारा अवजड ट्रक एकमेकांच्या दारांना दारं घासत, हॉर्न वाजवत, कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. असं त्यांच्या चौकात दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्यांनी त्याचा परवानाच काढून घेतला असता.

“पूर्वी एकाच रांगेत चौघं होते ते बरं होतं,” नेटवाली म्हणाली. “एका रांगेतले एकमेकांना ओळखतात, आळीपाळीने जातात. म्हणून एक, सहा, अकरा. मधले बाकी सगळे नुसता गोंगाट.”

“पण मी रोज तपासत होतो!” हवालदारांचा आवाज चढला. त्यांनी वही उघडून तिच्या नाकासमोर धरली. “हे बघा. आले, आले, आले. रोज विचारून लिहिलंय!”

“कोणाला विचारून?”

हवालदारांनी मागे वळून पाहिलं. सून दारात उभी होती आणि स्वतःच्या पायांच्या बोटांकडे बघत होती. हवालदारीणबाईंना अचानक स्वयंपाकघरातला ओटा पुसायची आठवण झाली होती, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

“आलं होतं ना?” हवालदारांनी विचारलं.

हवालदारीणबाईंनी सुनेकडे पाहिलं.

“अगं, आलं होतं ना?”

“नाही, बाबा,” सून म्हणाली. “एकदाही नाही. यांना मीच बोलावलंय. कंपनीने नाही.”

हवालदार खुर्चीत बसले. त्यांना राग आला, आणि तो कोणावर काढायचा हे कळेना, ही त्यांच्या आयुष्यातली नवीनच गोष्ट होती. “तुझी नोकरी जायची वेळ आली,” ते म्हणाले, “आणि तू मला आलं, आलं म्हणत बसलीस?”

“तिला कशाला बोलता?” हवालदारीणबाई पुढे आल्या. “मीच सांगितलं होतं तिला. ते स्टूल डुगडुगतं. तुम्ही वर चढलात की माझा जीव खाली नसतो. ‘आलं’ म्हटलं की उतरता तुम्ही. ‘नाही’ म्हटलं असतं तर तिथेच उभे राहून आम्हाला लहरी समजावल्या असत्यात. बेचाळीस वर्षं मी हेच करते आहे. तुम्हाला खाली उतरवायला हो म्हणते.”

नेटवालीने पेन कानामागून काढलं आणि उगाच परत कानामागे ठेवलं. मग तिने कागदावर चार ओळी लिहून दिल्या. अँटेना उभे ठेवा, एक थोडा कलता. टॅबवर सिग्नलचा आकडा दिसतो, तो बघून ठरवा. हाताने धरून ठेवू नका, धातूचं काही जवळ नको. नवीन राउटर आणून खोलीजवळ लावायचा तर तार ओढायला आठ दिवस लागतील. “आणि आज रात्रीच्या आत इमारतीतल्यांना परत एक, सहा, अकरावर आणा,” ती जाताना म्हणाली. “नाहीतर उद्याचं मी काही सांगू शकत नाही.”

म्हणजे काय, ते हवालदारांना बरोबर कळलं. एकोणतीस वर्षांत त्यांनी दिलेला हात कधी मागे घेतला नव्हता. चुकीच्या बाजूच्या गाड्या सोडल्या तरी, आपण मुद्दामच सोडल्या असा चेहरा करून ते उभे राहायचे. आता अकरा दारांवर जाऊन सांगायचं होतं की चुकलं. मग त्यांनी सुनेच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत ती टॅब बंद ठेवून भिंतीसमोर हातांची तालीम करत होती. ते उठले.

पहिलं दार दंतवैद्याचं. तिथे हवालदारांनी हवापाण्यावर बोलत पाच मिनिटं घालवली आणि मग एका दमात म्हणाले, “ते चॅनेलचं माझं चुकलं.”

“अहो, काय म्हणता, उत्तम चाललंय की!” दंतवैद्य म्हणाला.

“खरं सांगा.”

दंतवैद्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “खरं सांगू? मी त्याच रात्री बदलून टाकला होता. कार्ड तेवढं ठेवलंय. तुम्ही दुखावाल म्हणून.”

हवालदार जिना उतरत गेले तसतसं त्यांना आणखी कळत गेलं. अकरा घरांपैकी चौघांनी हुकूम पाळलाच नव्हता. शिंप्याला तर राउटरचा पासवर्डच माहीत नव्हता. त्याने कार्ड शिलाई मशीनवर लावलं होतं. सात जणांनी पाळला होता आणि तीन आठवडे हालहाल सोसले होते. मास्तरीणबाईंनी रोज गच्चीत जाऊन फोनवरून मुलांचा तास घेतला होता. आणि सगळ्यांनी जिन्यात भेटल्यावर त्यांना हसून सांगितलं होतं, मस्त चाललंय. हवालदारांना लाज वाटली. शेवटच्या दारापर्यंत मात्र त्यांचं ‘चुकलं’ चांगलंच सराईत झालं होतं. मास्तरीणबाईंना तर त्यांनी दार पुरतं उघडायच्या आतच सांगून टाकलं. रात्री झोपायच्या आत ती सातही घरं आणि हवालदारांचं स्वतःचं परत एक, सहा, अकरावर आली होती.

गुरुवारी सकाळी पावणेअकरा वाजता हवालदार स्टुलावर चढले. यावेळी बायकोने स्टुलाचा पाय धरून ठेवला. खोलीचं दार उघडं होतं, सून टॅबसमोर बसली होती. तीन अँटेना सरळ उभे झाले. चौथ्याला त्यांनी थोडा कलता केला. “आलं का?”

“आलं!” हवालदारीणबाई सवयीने म्हणाल्या.

“तू गप्प. तिला विचारतोय.”

सून आकड्याकडे बघत होती, आणि तोंडापर्यंत आलेला शब्द बदलायला तिला बळ लावावं लागलं. “नाही,” ती म्हणाली.

हवालदारांनी दात आवळले. अँटेना बोटभर वर. “आता?”

“नाही.”

“आता?”

“कमी झालं, बाबा. उलटं.”

समजावून सांगायची उबळ त्यांच्या घशापर्यंत आली आणि त्यांनी ती गिळली. आणखी सहा वेळा त्यांनी विचारलं आणि सहाही वेळा ‘नाही’ ऐकलं. अकराला चार मिनिटं उरली होती.

“आता?”

“थांबा! हलू नका!” सून ओरडली. “आलं. बाबा, आलं!”

“खरं, की मला खाली उतरवायला?”

“खरं, बाबा. आकडा डबल झालाय.”

त्यांनी हात सोडला आणि अँटेना मान टाकल्यासारखा खाली आला. तीन आठवडे रोज पिळून पिळून त्यांनीच त्याचा सांधा खिळखिळा करून ठेवला होता. त्यांनी परत वर केला, सोडला, परत खाली. हाताने धरायचा नव्हता. “लाकडाचं काहीतरी दे,” ते कुजबुजले. हवालदारीणबाई धावत गेल्या आणि लाटणं घेऊन आल्या. हवालदारांनी लाटण्याच्या टोकावर तो अँटेना तोलला. आतून आवाज आला, “आलं! दार लावते!” आणि दार लागलं.

अकरा वाजले. पंचवीस मिनिटं म्हणजे काय, हे हात वर करून उभं राहिल्याशिवाय समजत नाही. हवालदारांना वाटलं होतं की त्यांच्यासारख्याला हे काहीच नाही. पाचव्या मिनिटाला खांद्यात कळ निघाली. दहाव्या मिनिटाला लाटणं थरथरायला लागलं. बंद दाराआड एकही आवाज नव्हता. त्या शांततेत ती बोलते आहे की थिजली आहे, हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि हवालदारांचा जीव टांगणीला लागला होता. आपल्या हातून आज ही पोर बुडाली तर आपण या घरात तोंड कसं दाखवायचं, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात फिरत होता.

“दुखतंय का हो?” बायकोने खालून हळूच विचारलं.

“नाही.”

त्या नुसत्या वर बघत राहिल्या.

“हो,” हवालदार म्हणाले. “फार दुखतंय. धर मला.”

हवालदारीणबाई शेजारच्या खुर्चीवर चढल्या. एका हाताने त्यांनी कपाट धरलं आणि दुसरा नवऱ्याच्या कोपराखाली लावला. पोपटी भिंतीसमोर ते दोघं म्हातारे एक लाटणं तोलत, श्वास रोखून उभे राहिले. राउटरचे हिरवे दिवे त्यांच्या नाकापाशी लुकलुकत होते.

अकरा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी दार उघडलं. सुनेने आधी दोघांकडे पाहिलं, मग लाटण्याकडे. तिचे डोळे भरून आले होते.

“अडकलं का गं?” हवालदारांनी विचारलं. त्यांना ‘हो’ ऐकायचीही तयारी करावी लागली.

“नाही, बाबा. एकदाही नाही. घेतलं मला. सोमवारपासून, पक्कं. रोज सहा तास.” ती पुढे आली आणि तिने लाटण्याला खालून हात दिला. मग जरा थांबून म्हणाली, “नवीन राउटर लागेपर्यंत आठ दिवस आहेत. रोज सहा तास हे असं धरणं जमेल तुम्हाला?”

‘त्यात काय, एकोणतीस वर्षं उभा होतो’ हे वाक्य हवालदारांच्या जिभेवर तयारच होतं. त्यांनी खांद्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “नाही जमणार मला.”

हवालदारीणबाईंनी हे त्यांच्या तोंडून बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. त्या खुर्चीवरून उतरल्या, डोळे पुसले आणि नेटवालीचा नंबर कुठे ठेवला ते शोधायला लागल्या.